जीपीएस असताना डीआर कशाला काढायची? डीआर, ईपी आणि फिक्समधला फरक

नेरूळला प्री-सी कोर्स (जहाजावर जाण्याआधीचं प्रशिक्षण) करताना तुम्हाला पडलेला प्रश्न रास्त आहे: जीपीएस दर सेकंदाला पोझिशन देतो, मग चार्टवर (सागरी नकाशावर) डीआर, म्हणजे डेड रेकनिंग, कशाला? माझं उत्तर: फिक्स, म्हणजे प्रत्यक्ष मोजून मिळालेली जागा, तपासायला.

डीआर म्हणजे शेवटच्या फिक्सपासून फक्त कोर्स (जहाजाची दिशा) आणि वेग धरून काढलेली जागा. 10:00 चा फिक्स, कोर्स 000, वेग 12 नॉट (तासाला 12 सागरी मैल), तर 10:30 ची डीआर 6 सागरी मैल उत्तरेला. अंतर चार्टच्या उभ्या कडेवरच्या अक्षांशाच्या पट्टीवर, जहाजाच्या समोरच मोजायचं. आडव्या कडेवर डिव्हायडर लावलात की अंतर चुकलंच.

आता प्रवाह 1.5 नॉटने पूर्वेला जात असेल, तर त्या अर्ध्या तासात जहाज 0.75 मैल, म्हणजे जवळजवळ 1.4 किलोमीटर पूर्वेला सरकतं. हा प्रवाह आणि वाऱ्याने होणारी घसरण धरून येते ती ईपी (एस्टिमेटेड पोझिशन, अंदाजित जागा). इथे हमखास होणारी चूक म्हणजे वेग जीपीएसचा घ्यायचा आणि वर प्रवाहही जोडायचा. जीपीएसचा वेग जमिनीच्या सापेक्ष असतो, त्यात प्रवाह आधीच आलेला असतो. पाण्यातला वेग लॉगवरून (पाण्याच्या सापेक्ष वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) घ्या. आणि वारा कुठून येतो ते सांगतात, प्रवाह मात्र कुठे जातो ते. घाईत याची उलटापालट फार होते.

फिक्स म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणाने मिळालेली जागा. दक्षिणेकडून न्हावा-शेवाला येताना खांदेरीचं दीपगृह उजव्या बगलेला आणि प्राँग्जचं दीपगृह पुढे असेल, तर बेअरिंग (खुणेची दिशा) आधी प्राँग्जचं घ्या, खांदेरीचं शेवटी. बगलेच्या खुणेचं बेअरिंग सर्वात वेगाने बदलतं, म्हणून ते फिक्सच्या वेळेला अगदी चिकटून हवं. तिसरी खूण मिळाली तर उत्तमच. तीन रेषांचा छोटा त्रिकोण झाला, तर धोक्याच्या जवळचा कोपरा आपली जागा धरायचा.

चार्टवर ब्रिटिश पद्धतीने डीआरला कोर्सच्या रेषेवर छोटी रेघ, ईपीला त्रिकोण, फिक्सला वर्तुळ. प्रत्येकाशेजारी वेळ लिहायचीच.

फिक्स डीआरपासून बराच दूर पडला, तर आधी दीपगृह ओळखण्यात गफलत झाली का आणि गायरो कंपासची एरर (चूक) लावली का, ते बघा. जीपीएसचा फिक्स असेल, तर रडारच्या अंतराशी ताडून घ्या. सगळं बरोबर निघालं, तर डीआरपासून फिक्सपर्यंतची रेषा म्हणजे त्या वेळात वारा-प्रवाहाने मिळून जहाज किती आणि कुठे नेलं त्याचा हिशोब. तोच पुढच्या कोर्सला लावा आणि नवी डीआर या फिक्सपासून सुरू करा.