टक्कर टाळायची जबाबदारी कुणाची, टॉवरची का पायलटची?

प्रश्न : मागच्या महिन्यात उजळाईवाडीवरनं मुंबईला विमानानं गेलो, तर वाटेत दुसरं विमान पार जवळनं गेल्यासारखं वाटलं, पोटात गोळाच आला. दोस्त म्हणतोय घाबरतोस कशाला, सगळं खालनं टॉवरवाले बघतात, पायलट नुसता ते सांगतील तसं चालवतो. खरं हाय काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोस्ताचं निम्मंच बरोबर आहे. अंतर राखून द्यायचं काम एटीसीचं, म्हणजे खालनं विमानांना सूचना देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांचं, आणि तुम्हाला दिसलेलं विमान बहुतेक हजार फूट वर नायतर खाली असणार, मोकळ्या आकाशात तेवढंही जवळच वाटतं. पण टक्कर टाळायची शेवटची जबाबदारी पायलटचीच, आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा. समोरासमोर आले तर दोघांनीही उजवीकडं वळायचं, आपल्या रस्त्याच्या बरोबर उलटं.

आता कुणी म्हणेल, काचेतनं नीट बघितलं की झालं. तिथंच तर गोम आहे. जे विमान नेमकं येऊन धडकणार असतं ते काचेत हलतच नाही, ठिपक्यासारखं एका जागी बसून राहतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठं होतं. दोन्ही जेट ताशी 900 किलोमीटरनं समोरासमोर असतील तर सेकंदाला अर्धा किलोमीटर संपतो, आणि ढगात असाल तर विषयच संपला.

1996 ला हरियाणात चरखी दादरीवर हेच झालं. कझाक विमानानं 15 हजार फुटांवर थांबायचं होतं, समोरनं सौदीचं विमान येतंय हेही एटीसीनं सांगितलेलं, तरी ते 14 हजारापर्यंत उतरलं आणि 349 माणसं गेली. दुसरं विमान फार जवळ आलं की पायलटला वर जा नायतर खाली जा असं सांगणारं टीकॅस यंत्र दोन्ही विमानांत नव्हतं.

बरं, यंत्र असून भागतं असंही नाही. 2002 ला जर्मनीत युबरलिंगेनजवळ रशियन विमानाला टीकॅस म्हणत होतं वर जा, एटीसी म्हणत होता खाली या, पायलटनं एटीसीचं ऐकलं, आणि समोरचं मालवाहू विमान आपल्या टीकॅसचं ऐकून खालीच येत होतं. 71 जण गेले. माझ्या मते त्या पायलटला एकट्याला दोष देणं बरोबर नाही, कारण दोन आदेश उलटे आले तर कुणाचं ऐकायचं हे तेव्हा पुरेसं स्पष्टच नव्हतं. आता आहे, टीकॅसनं वर किंवा खाली सांगितलं की एटीसी काहीही म्हणू दे, पायलटनं लगेच तेच करायचं, एटीसीला तसं कळवायचं आणि धोका टळल्यावरच ठरलेल्या उंचीवर परत यायचं.