रिपोर्ट नॉर्मल, तरी तू दमलेली

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच २.१, फ्री टी४ मर्यादेत, डॉक्टर म्हणाले "छान, हाच डोस चालू ठेवा", आणि तू मात्र दुपारी तीनला टेबलावर डोकं टेकतेस. शेवटी चिडून लिहिलंस, "मग मी काय नाटक करते का?"

नाही गं. पण म्हणून रिपोर्ट चुकलाच, असंही लगेच म्हणू नकोस. थायरॉइड कमी काम करतं म्हणून तुझ्यासारखीच थायरॉक्सिनची गोळी वीस वर्षं घेतेय मी. कधी रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवला, कधी तो केरात टाकून स्वतःच्या अंगाचंच ऐकलं. दोन्ही वेळा तोंडघशी पडले.

टीएसएच हा थायरॉइडचा हार्मोन नव्हे, हे आधी नीट लक्षात घे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी थायरॉइडला जो निरोप धाडते, तो टीएसएच. थायरॉइडचा खरा हार्मोन थायरॉक्सिन, म्हणजेच टी४ (त्यातला रक्तात मोकळा फिरणारा भाग तो फ्री टी४); आपल्या गोळीतही तेच असतं. रक्तात थायरॉक्सिन कमी दिसलं की पिट्यूटरी आवाज चढवते, पुरेसं दिसलं की खाली आणते. कान तिखट आहेत तिचे. टी४मध्ये थोडा फरक पडला तरी टीएसएच कितीतरी पटींनी हलतो. पण तिला वेळ लागतो. थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस जातात, त्यामुळे डोस बदलला की सगळं स्थिरावायला ६ ते ८ आठवडे हवेत. म्हणजे आजचा टीएसएच तुझ्या आजच्या दुपारबद्दल फारसं बोलत नाही, तो गेल्या दीड-दोन महिन्यांचा हिशेब सांगतो. अंग तर त्याच्याही मागून येतं. आकडा सुधारल्यावर थकवा उतरायला काही आठवडे, केस सावरायला काही महिने लागू शकतात. तुझा डोस ५० वरून ७५ मायक्रोग्रॅम होऊन जेमतेम दोन महिने झालेत.

आता माझी फजिती ऐक. एका वर्षी टीएसएच ९, म्हणजे चांगलाच चढलेला आला आणि फ्री टी४ मात्र अगदी व्यवस्थित. डॉक्टर बुचकळ्यात पडले. मला कारण माहीत होतं. तीन महिने मी आठवड्यातून दोन-तीन गोळ्या विसरत होते आणि रक्त द्यायची तारीख जवळ आल्यावर आठ-दहा दिवस अगदी शहाण्या मुलीसारखी रोज घेतली होती. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास! टी४ तेवढ्यात वर आला, टीएसएचने जुनी उधारी दाखवली. लाजेनं मी गप्प बसले, डॉक्टरांनी डोस वाढवला. मग ओशाळून मी वाढलेला डोस एकही दिवस न चुकता घेऊ लागले. दोन महिन्यांत छातीत धडधड, हातांना कंप, रात्री झोप नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी डबीत किती गोळ्या उरल्या होत्या?" एवढं विचारल्यावर लपवणार काय?

तुझ्या पत्रात मला खरं खटकलं ते शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. केस गळतात म्हणून बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) सुरू केलंस, असं तू जाता जाता लिहिलंयस. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. अनेक प्रयोगशाळांतल्या थायरॉइडच्या चाचण्यांमध्ये बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. तुझ्या रक्तात ते भरपूर असेल तर चाचणी फसते: टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि फ्री टी४ आहे त्यापेक्षा जास्त. कागदावर सगळं आलबेल, आत कमतरता तशीच. तुझा २.१ खरा असेलही, पण मला आज त्याची खात्री वाटत नाही. केसांच्या गोळ्यांत बायोटिनचं प्रमाण बरंच मोठं असतं. डॉक्टरांना सांगून ते निदान दोन दिवस बंद ठेव (डोस मोठा असेल तर ते अजून आधीपासून थांबवायला सांगतील) आणि मग पुन्हा रक्त दे.

रक्त देताना शक्यतो तीच प्रयोगशाळा, तीच सकाळची वेळ. टीएसएच रात्री चढतो आणि दुपारी उतरतो, त्यामुळे एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी दोनला दिलेल्या रक्ताची तुलना करण्यात अर्थ नाही. त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावर घे. आधी घेतलीस तर काही तास फ्री टी४ उगाच फुगलेला दिसतो.

रोजची गोळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. मल्टिव्हिटॅमिन तू तिच्याबरोबरच गिळतेस ना? त्यातलं लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून धरतं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेव. आम्लपित्ताच्या गोळ्यांनीही शोषण कमी होऊ शकतं, घेत असलीस तर डॉक्टरांना सांग. थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलली असेल तर तेही सांग.

आणि समजा, हे सगळं नीट करूनही आकडा चांगलाच आला, तर? मग थकव्याचं बिऱ्हाड दुसरीकडे शोधावं लागेल. थायरॉइडचं नाव एकदा चिकटलं की आपण अंगातली प्रत्येक कुरकुर त्याच्याच खात्यावर मांडतो. माझ्या एका वर्षाच्या थकव्यामागे लोहाची कमतरता होती. हिमोग्लोबिन ठीक, पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, तळाला गेलेला. बी१२, झोपेत श्वास अडखळणं, मनाची उदासी, हे सगळं तसंच दमवतं. या गोष्टींबद्दल डॉक्टरांना विचार, संकोच करू नकोस. गोळीला टी३ (थायरॉइडचा दुसरा हार्मोन) जोडून देण्याबद्दल तू कुठेतरी वाचलंस, तोही प्रश्न हार्मोनतज्ज्ञांना जरूर विचार. पण अभ्यासांत त्याचा सरसकट फायदा दिसलेला नाही, हे माहीत असू दे.

फक्त स्वतःहून डोस वाढवू नकोस. जास्त गोळीवर पहिले काही दिवस झकास वाटतं, तीच तर पंचाईत आहे. जादा थायरॉक्सिन बरेच दिवस राहिलं की हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात, आणि हाड झिजताना दुखत नाही. छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे पडायला लागले तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, लगेच जा. दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर, कारण तेव्हा डोस बहुधा वाढवावा लागतो. आणि ज्यांच्या पिट्यूटरीतच बिघाड असतो त्यांच्या बाबतीत टीएसएचवर विसंबताच येत नाही, तिथे टी४ बघतात. तुझं तसं काही दिसत नाही, तरी पूर्वी डोक्याला मोठा मार लागला असेल किंवा तिथली शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना सांग.

पुढच्या भेटीला जाताना "मला बरं वाटत नाही" एवढंच घेऊन जाऊ नकोस. त्याला डॉक्टर तरी काय उत्तर देणार? वहीत रोज एक ओळ लिही: गोळी किती वाजता घेतली, झोप किती झाली, दुपारी डोकं टेकवावं लागलं का, पोट साफ झालं का, पाळी कधी आली. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव आणि प्रत्येकावर तेव्हाचा डोस पेन्सिलीने लिहून ठेव.

आणि आज रात्री डबी पालथी करून गोळ्या मोज. विकत घेतल्याची तारीख बिलावर असेलच. किती उरायला हव्या होत्या आणि किती उरल्यात, दोन्ही आकडे मला कळव. मी रागावणार नाही, माझ्या डबीत तेव्हा तेवीस जास्त निघाल्या होत्या.

तुझी,
मावशी