महासाथीत फ्लूची लस इतक्या घाईत आली, तर विश्वास कसा ठेवायचा?

घाई होते ती नव्या विषाणूपुरती. लस बनवायची पद्धत जुनीच असते. 2009 च्या स्वाइन फ्लूची बहुतेक लस हंगामी लसीसारखीच कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून केली होती.

तरी शंका घेणाऱ्याला वेड्यात काढू नये. 1976 मध्ये अमेरिकेत 4 कोटींहून जास्त लोकांना स्वाइन फ्लूची लस टोचली, त्यात लाखामागे साधारण एकाला गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार जास्तीचा झाला आणि मोहीम थांबवावी लागली. (ज्या साथीची भीती होती ती आलीच नाही!) 2009 नंतर फिनलंड-स्वीडनमध्ये काही मुलांच्या नार्कोलेप्सीचा (दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचा) संबंध पँडेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या लसीशी आढळला. दोन्ही धोके लसीकरणानंतरच्या देखरेखीतच सापडले.

‘लसीनेच फ्लू झाला’ ही तक्रार मात्र टोचायच्या लसीबाबत टिकत नाही. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. बहुतेकांना एखाददोन दिवस कणकण, दंड दुखतो, इतकंच.