गोव्यात स्कूबा शिकतोय; आत्ताच किट घेऊ की नवं तंत्रज्ञान येईपर्यंत थांबू?

थांबू नका. रेग्युलेटर म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासापुरती सोडणारं यंत्र; त्याचं आजचं रूप फ्रान्सच्या कूस्तो आणि गान्यां यांनी 1943 मध्ये जुळवलं, तेच तत्त्व अजून चालतंय. मास्क, फिन्स आत्ताच घ्या, मास्क चेहऱ्याला आणि फिन्स पायाला घालून बघूनच.

बदल होतोय तो डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे पाण्याखालची खोली आणि वेळ दाखवणाऱ्या मनगटी यंत्रात. रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजला, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या भागाला, छोटा ट्रान्समीटर लावला की सिलिंडरमध्ये किती हवा उरली ते मनगटावरच दिसतं. तरी साधा प्रेशर गेज मी काढणार नाही, बॅटरीचा काय भरवसा!

पुढची खरी झेप रिब्रीदरमध्ये आहे. सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम नावाचं रसायन शोषून घेतं, वापरलेला ऑक्सिजन यंत्र पुन्हा भरतं, तोच वायू परत फिरतो. बुडबुडे जवळजवळ नाहीतच. अडचण ऑक्सिजन सेन्सरची. ते रासायनिक असल्याने झिजतात, साधारण वर्षभराने बदलावे लागतात. प्रकाशावर चालणारे टिकाऊ सेन्सर आता येऊ लागलेत. ते स्वस्त झाले की चित्र पालटेल.

पण गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडच्या उथळ, गढूळ पाण्यात रिब्रीदर म्हणजे निव्वळ हौस. तिथे चांगला टॉर्च जास्त कामाचा. कॉम्प्युटर मात्र पावसाळ्यानंतर, हंगाम सुरू होताना घ्या. जूनमध्ये घेऊन कपाटातच राहील.