नवजात बाळाच्या अंगावरचे जांभळे ठिपके आपोआप जात असतील, तर तपासणीची घाई कशाला?

बाळ चार दिवसांचं आहे, जन्मतःच अंगावर जांभळट ठिपके आहेत आणि डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली आहे, असं तुम्ही लिहिलंय. ठिपके जातात, म्हणूनच घाई हवी.

पोटात असताना सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू) किंवा रुबेलाची (जर्मन गोवर) लागण झालेल्या काही बाळांच्या त्वचेतच रक्तपेशी तयार होत राहतात. एरवी जन्मापर्यंत हे काम हाडांतल्या मगजाकडे गेलेलं असतं. त्याचेच हे २ ते ८ मिमीचे निळसर-जांभळे डाग, बोट फिरवलं तर किंचित उंच लागणारे. डॉक्टर याला 'ब्लूबेरी मफिन रॅश' म्हणतात. काही आठवड्यांत डाग विरतात, घरचे निर्धास्त होतात. सीएमव्ही मात्र आतल्या कानाला इजा करत राहू शकतो.

काचेचा पारदर्शक ग्लास डागावर हलकेच दाबून पाहा. हे डाग फिके पडत नाहीत. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी झाल्याने उठणारे टाचणीच्या टोकाएवढे ठिपकेही फिके पडत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारं, मधे पिवळट पुटकुळी असलेलं लाल पुरळ दाबल्यावर फिकं होतं, ते निरुपद्रवी. कमरेवरचा सपाट निळा डागही निरुपद्रवीच.

सीएमव्हीसाठी लघवीची किंवा लाळेची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) जन्मापासून २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. नंतर विषाणू सापडला तरी तो पोटातच आला की प्रसूतीत, की दुधातून, हे ठरवता येत नाही. लाळ घ्यायची तर दूध पाजल्यावर किमान तासाभराने, आणि पॉझिटिव्ह आली तर लघवीने खात्री करायची. नुसत्या रक्ताच्या 'टॉर्च' तपासणीवर (अशा जन्मजात संसर्गांच्या प्रतिपिंडांची एकत्र चाचणी) विसंबू नका. त्यातलं आयजीएम (ताज्या संसर्गात तयार होणारं प्रतिपिंड) निगेटिव्ह आलं म्हणून सीएमव्ही नाही असं होत नाही.

सीएमव्हीची लक्षणं ठळक असलेल्या बाळाला व्हॅलगॅनसिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात : दर किलोला १६ मिग्रॅ, दिवसातून दोनदा, ६ महिने, शक्यतो पहिल्या महिन्यात सुरू करून. त्याने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. बाळाला ऐकू येतं का हे पाहणारी बेरा तपासणी करून घ्या, आणि एकदा नॉर्मल आली तरी पुढची काही वर्षं परत परत.

ठिपक्यांऐवजी पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका दिसला तर मात्र थांबू नका, ताप नसला तरी. ते हर्पीस असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात शिरेतून असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लागतं, फक्त त्वचा-डोळे-तोंडापुरतं असेल तर १४ दिवस, मेंदूपर्यंत किंवा अंगभर पसरलं असेल तर किमान २१.

सगळे संसर्ग निगेटिव्ह आले आणि डाग तसेच असले, तर त्वचेचा तुकडा तपासायला सांगतील. रक्ताचा कर्करोगही क्वचित असाच दिसतो, त्यामुळे या तपासणीला नाही म्हणू नका.