समुद्राच्या पाण्यात फ्लोरिन असतो का, की तो फक्त टूथपेस्टमध्येच?

असतो, पण मोकळा नाही. फ्लोरिन वायू इतका झोंबणारा की समोर येईल त्याच्याशी संयोग करतो, म्हणून निसर्गात तो जवळजवळ नेहमी फ्लोराइडच्या रूपातच सापडतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी मॉयसाँ यांनी १८८६ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला, त्याआधी कित्येकांनी त्यापायी जीव धोक्यात घातला होता.

दापोली घ्या की वेंगुर्ला, समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण १.३ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं. क्लोराइड मात्र १९ ग्रॅम!

बाजारात मुशी (छोटा शार्क) घ्याल तेव्हा तिचा जबडा जरूर बघा. त्या दातांचं कठीण आवरण फ्लोरअ‍ॅपेटाइटचं असतं, म्हणजे कॅल्शियम, फॉस्फेट आणि फ्लोराइड. टूथपेस्टमधला फ्लोराइड आपल्या दातांवर थोडंफार हेच घडवतो, मग आम्लाने ते सहज झिजत नाहीत.

जमिनीत मुख्य खनिज फ्लोराइट. त्यापासून होणारं हायड्रोफ्लुरिक आम्ल काचही खातं, त्यामुळे ते प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात. तव्यावरचं टेफ्लॉनही फ्लोरिनचंच.

विहिरीचं पाणी पीत असाल तर एकदा तपासून घ्या. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी पिण्यायोग्य नाही, लहान मुलांच्या दातांवर डाग पडतात.