वसरणीच्या सखल गल्लीतून सासऱ्यांना घेऊन कधी निघायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नांदेडला वसरणीत गोदावरी नदीच्या अंगाला तळमजल्यावर भाड्याचं घर, सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांचं ऑक्सिजनचं मशीन लाइटवर चालतं, आणि वेळ आली तर तरोड्याला नणंदेकडे जायचं तुम्ही ठरवलंय. ह्यूस्टनचे तुमचे दीर म्हणतात की तिकडे वादळाच्या आधी झोनप्रमाणे वस्त्या रिकाम्या करतात, मग इकडे तसं का नाही.

दिरांचं खरं आहे, पण त्यांच्याच शहरातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. सप्टेंबर २००५ मध्ये रिटा वादळ येत होतं. आधीच्या कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडवून महिनाही झाला नव्हता, त्या धसक्यानं ह्यूस्टनच्या बाजूची लाखो माणसं एकदम गाड्या घेऊन निघाली आणि उन्हात रस्त्यावर अडकून पडली. वादळापेक्षा त्या निघण्यातच जास्त माणसं गेली. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना घेऊन निघालेली एक बस डॅलसजवळ पेटली, आतल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरनं आग भडकली आणि २३ जण दगावले. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घरातलं सगळ्यात हळू हलणारं माणूस कोण, त्याच्या हिशोबानं निघायची वेळ ठरवा. तुमच्याकडे ते सासरे आहेत.

आता आपल्या नदीचं. नांदेडात पाऊस किती पडतोय यावर निर्णय सोडू नका. ऊन पडलेलं असतानाही खडकपुरा, गंगाचाळ, नावघाट, वसरणी या भागांत पाणी शिरू शकतं, कारण ते वरून येतं. पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात, एकूण २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी मावतं, आपल्या विष्णुपुरी धरणात जेमतेम ८० च्या आसपास. म्हणजे पैठणहून मोठा विसर्ग आला की विष्णुपुरी तो अडवू शकत नाही, आला तसा खाली सोडावाच लागतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणपासून गंगाखेड, नांदेडपर्यंत सगळ्यांनी ते भोगलंय. समुद्र लांब आहे म्हणून वादळाशी आपला संबंध नाही असंही धरू नका. २०२१ च्या सप्टेंबरात ‘गुलाब’ वादळ आंध्राच्या किनाऱ्यावर आदळलं, त्याचं उरलंसुरलं मराठवाड्यावरून गेलं आणि मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. बंगालच्या उपसागरात काही तयार झाल्याची बातमी आली की दोन-तीन दिवस कान उघडे ठेवायचे.

पैठणचं पाणी इथवर यायला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. एवढा वेळ हातात असणं हे आपलं नशीब आहे, तो वाया घालवायचा नाही. पण पूर्णा नदीचं, म्हणजे येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी जवळून येतं, आणि माजलगाव धरणातून पाणी सुटलं की सिंदफणा नदीचंही भर घालतं. पैठण, माजलगाव, सिद्धेश्वर तिन्हीकडून सोडल्याची बातमी एकाच दिवशी आली, तर पुढच्या बातमीची वाट बघू नका.

जुन्या पुलाजवळ गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर आहे. माझं मत स्पष्ट आहे: सासरे ३५१ च्या आत घराबाहेर पडलेले असावेत, बाकीचे ३५४ च्या बरेच आधी. केंद्रीय जल आयोगाचं ‘फ्लडवॉच इंडिया’ आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ही दोन ॲप फोनमध्ये घ्या, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ नंबर सेव्ह करा. गल्लीतल्या व्हॉट्सॲपवर फिरणारे धरणाचे व्हिडिओ बऱ्याचदा जुन्या वर्षांचे असतात, त्यांवर काही ठरवू नका.

तरोड्याचा बेत मात्र बदला. वसरणी नदीच्या दक्षिणेला, तरोडा उत्तरेला. पुरात पूल बंद झाला किंवा गर्दीनं तुंबला की तुम्ही मध्येच अडकाल. नदीच्या तुमच्या बाजूलाच सिडको-हडको वसाहत आहे, शासकीय रुग्णालयही विष्णुपुरीला याच बाजूला आहे. सिडकोत ओळखीचं एखादं घर आत्ताच बोलून ठेवा, पहिल्या मजल्यावरचं मिळालं तर उत्तम, आणि तिथं मशीनसाठी इन्व्हर्टर आहे का ते बघा. डॉक्टरांना विचारून छोटा सिलिंडर भाड्यानं आणून ठेवा. गाडीत तो उभा, पट्ट्यानं बांधलेला असावा आणि आसपास कुणी बिडी-काडी पेटवता कामा नये.

पाणी दारातून येईल म्हणून सगळे उंबऱ्याला वाळूच्या पिशव्या लावतात. तळमजल्यावर ते आधी संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून वर येतं. नदी फुगली की नाला उलटा दाबतो, चेंबर भरतात. मोरीत गुडगुड आवाज आणि काळं पाणी दिसलं की थोडाच वेळ उरला असं समजा. वाळूची एक पिशवी संडासाच्या भांड्यावर दाबून ठेवा, मेन स्विच पाडा, गॅसचा रेग्युलेटर काढा आणि निघा. तेव्हा गल्लीत रिक्षा येणार नाही. म्हणून सासऱ्यांना हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, छातीशी चादर बांधून, दोघांनी मागून-पुढून उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची एकदा कोरड्यात सवय करून बघा. आपल्या बोळात खुर्ची वळते की नाही, ते तेव्हाच कळतं. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं तरी उचलून नेणाऱ्याचा पाय घसरतो, म्हणून हे काम रात्रीवर कधीच टाकू नका. ऑगस्ट २०२५ ला मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगावला पाणी रात्रीच घुसलं आणि झोपेतल्या माणसांना बाहेर पडायलाच मिळालं नाही. तिथं दावणीला बांधलेली जनावरंही गेली. तुमच्या गल्लीत कुणाची म्हैस-शेळी असेल तर निघताना दावं सोडायला सांगा.

आधार, रेशनकार्ड, सासऱ्यांच्या औषधांची चिठ्ठी यांचे फोटो फोनमध्ये आणि मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत. निघताना घराचे फोटो काढा, परत आल्यावर भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे काढा. साफसफाईच्या आधी काढलेले फोटो पंचनाम्याला उपयोगी पडतात. भाडेकरूंना मदत नाकारली जाते असं कानावर येतं, म्हणून भाडेकरार आणि लाइट बिल जवळ ठेवाच. वायरमननं तपासल्याशिवाय मेन चालू करू नका, आणि चिखलात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघा, पुरानंतर साप घरात सापडतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की घरच बदलावं का. हो, बदला. वसरणीतच राहायचं असेल तरी पहिल्या मजल्यावरची खोली जूनच्या आत बघा. डिपॉझिट थोडं जास्त गेलं तरी सासऱ्यांसाठी ते करण्यासारखं आहे. तोवर सिडकोतलं घर नक्की झालं की इथं कळवा, आपल्या गटाचे दोघे-तिघे सदस्य त्या भागातले आहेत, खुर्ची उचलायला माणसं कमी पडणार नाहीत.